छपरावरची वीज आणि वाडीचं व्होल्टेज

मे महिन्यातल्या कडक दुपारी लाइट जाते. छपरावरची पॅनेल उन्हात तळपत असतात, तीन किलोवॉट वीज द्यायची त्यांची पूर्ण तयारी असते, आणि खाली माजघरात पंखा बंद. कोकणात ज्यांनी ज्यांनी सोलर बसवलं, त्यांतल्या बहुतेकांनी बसवून देणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न विचारलेला असतो. उत्तर ठरलेलं: "ऑन-ग्रिड आहे ना, मेन लाइन गेली की बंदच होणार." उत्तर खरं आहे, पण त्याने समाधान होत नाही. ती बंद का होते? ती बंद व्हावी असं कोणी आणि कशासाठी ठरवलं? आणि अशी लाखो छपरं एकाच क्षणी बंद झाली तर? फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्य एक कोटी घरांचं आहे, तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. म्हणजे हा प्रश्न आता फक्त इंजिनिअर मंडळींचा राहिलेला नाही.

सुरुवात पोफळीपासून करू. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली येतं आणि पोफळी, कोळकेवाडी, अलोरे इथल्या वीजघरांतली जनित्रं फिरवतं. सगळे टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॉट. तिकडे जयगडला कोळशावरचा १२०० मेगावॉटचा प्रकल्प आहे. ही जनित्रं म्हणजे शेकडो टनांची फिरती यंत्रं. ती आपापल्या मर्जीने फिरत नाहीत. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं विजेचं जाळं (ग्रिड) उरलेल्या देशाशी जोडलं गेलं, तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची सगळी मोठी जनित्रं एकाच तालात फिरतात. विजेची लाट सेकंदाला ५० वेळा वरखाली होते. तीच फ्रिक्वेन्सी, आणि ती सगळ्या देशाची एकच असते. चिपळूणच्या घरातल्या सॉकेटला मोजली काय किंवा पाटण्यात मोजली काय, आकडा तोच.

वीज जाळ्यात साठून राहत नाही. या क्षणी जेवढी वापरली जाते, तेवढीच या क्षणी तयार व्हावी लागते. वापर वाढला आणि निर्मिती तेवढीच राहिली, की जनित्रांवर जोर येतो, ती किंचित मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी ५० च्या खाली सरकते. वापर घटला की उलट. आपल्याकडे ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे. किती अरुंद पट्टा आहे बघा.

आता समजा एखादा मोठा संच अचानक बंद पडला. दुसऱ्या वीजघराला पाण्याची किंवा वाफेची झडप जास्त उघडायला काही सेकंद लागतात. त्या काही सेकंदांत कमी पडलेली वीज कुठून येते? ती येते फिरणाऱ्या लोखंडातून. प्रत्येक जनित्राच्या फिरत्या वजनात साधारण दोन ते सहा सेकंद पूर्ण क्षमतेने वीज देता येईल एवढी ऊर्जा असते. जनित्र मंदावताना ती ऊर्जा आपोआप बाहेर पडते; कोणी बटण दाबत नाही, कोणी हिशेब करत नाही. याला जडत्व म्हणतात, आणि आपल्या जाळ्याची पहिली ढाल तीच. जडत्व निम्मं झालं, तर तेवढ्याच धक्क्याला फ्रिक्वेन्सी दुप्पट वेगाने घसरते, आणि झडपा उघडायला मिळणारा वेळ निम्मा होतो.

हे कागदावरचं वाटत असेल तर ५ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद ठेवायचं आवाहन होतं. देशाची मागणी जेमतेम पंचवीस मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली आणि मग तेवढीच परत वर गेली. फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या दरम्यान राहिली. जाळं पडलं नाही, याचं मोठं श्रेय पाण्यावरच्या वीजघरांना, कारण पाण्याचं जनित्र काही मिनिटांत कमी-जास्त करता येतं. कोळशाच्या बॉयलरला ते जमत नाही.

छपरावरच्या पॅनेलमध्ये मात्र फिरणारं काहीच नाही. पॅनेलमधून येते ती बॅटरीसारखी एकाच दिशेची वीज. भिंतीवरची ती पेटी, म्हणजे इन्व्हर्टर, सेकंदाला हजारो वेळा इलेक्ट्रॉनिक स्विच चालू-बंद करून त्या विजेला ५० हर्ट्झच्या लाटेचा आकार देते. (लाइट गेल्यावर बॅटरीवर पंखे चालवणारा घरातला इन्व्हर्टर वेगळा, इथे बोलतोय तो नेट मीटरबरोबर येणारा.) तारेवर जी लाट आधीच चालू आहे ती हा इन्व्हर्टर सतत मोजतो आणि तिच्यात ताल जुळवून आपली वीज सोडतो.

समुद्रावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढताना पाहिली असेल तर हे लगेच लक्षात येईल. दोन्ही दोरांना माणसं लागलेली असतात, पुढचे जाणते ताल धरतात आणि मागून येऊन दोराला हात लावणारा त्या तालावर ओढतो. हात लावणारे कितीही वाढले तरी चालतं, ताल धरणारे हवेत. आज आपल्या छपरांवर बसणारे जवळपास सगळे इन्व्हर्टर हे मागून येऊन हात लावणारे आहेत. ताल बिघडला तर तो सावरायची शिकवण त्यांना दिलेली नाही. त्यांना सांगितलंय एवढंच: ताल बिघडला की दोर सोडा.

आणि दोर सोडायला सांगण्यामागे अगदी सबळ कारण आहे. वादळात तार तुटली म्हणून लाइनमनने फीडर (उपकेंद्रातून येणारी लाइन) बंद केला, डीपीचं, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरचं, स्विच उघडलं आणि तो खांबावर चढला. त्या वेळी वाडीतल्या दहा छपरांवरून वीज तारेत येतच राहिली, तर ती तार जिवंत असते आणि खाली कोणाला पत्ता नसतो. शिवाय डीपीच्या उलट्या बाजूने वीज चढली तर २३० व्होल्टचे ११ हजार होतात. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१३ चे नियम सांगतात, की मुख्य वीज गेली तर इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत तारेत वीज सोडणं थांबवलं पाहिजे. त्याची चाचणी कशी घ्यायची याचं भारतीय मानकही आहे, आयएस १६१६९. दुपारी तुमचा पंखा बंद राहतो तो खांबावरच्या माणसासाठी. या एका नियमात कोणतीही पळवाट कोणी शोधू नये, असं मला मनापासून वाटतं. डिझेल जनरेटरची पिन थेट सॉकेटमध्ये खोचणारे लोक नेमका हाच धोका उभा करतात, आणि तिथे अडवणारी कुठलीही पेटी नसते.

त्याच नियमांत आणखी मर्यादा आहेत. फ्रिक्वेन्सी ४७.५ च्या खाली किंवा ५०.५ च्या वर गेली तर ०.२ सेकंदात बाहेर. व्होल्टेज ८० टक्क्यांच्या खाली किंवा ११० टक्क्यांच्या वर गेलं तर दोन सेकंदांत बाहेर. एका घरापुरतं हे अगदी शहाणपणाचं आहे. अडचण येते ती संख्येने. लाखो पेट्यांत तोच आकडा भरलेला असेल, तर त्या आकड्याला सगळ्या एकदम बाहेर पडतात.

जर्मनीला हे फार महागात पडायचं होतं. तिथे सुरुवातीच्या नियमाप्रमाणे फ्रिक्वेन्सी ५०.२ झाली की घरगुती सोलर बंद व्हायचं. सोलर थोडं होतं तोवर कोणी लक्ष दिलं नाही. मग छपरं भरली आणि हिशेब मांडला तेव्हा कळलं, की एखाद्या सुट्टीच्या लख्ख दुपारी ५०.२ ची रेघ ओलांडली गेली तर हजारो मेगावॉट एका झटक्यात नाहीसे होतील; आणि युरोपच्या सगळ्या जाळ्याने अशा धक्क्यासाठी राखून ठेवलेली ताकद होती ३००० मेगावॉट. २०१२ मध्ये कायदा करून सुमारे ३ लाख १५ हजार प्रकल्पांतल्या इन्व्हर्टरच्या सेटिंग बदलाव्या लागल्या. आता तिथे फ्रिक्वेन्सी वाढली तर ते एकदम बंद न होता हळूहळू वीज कमी करतात. बदल एवढासा. तो आधी केला असता तर फुकटात झाला असता.

इंग्लंडमध्ये ९ ऑगस्ट २०१९ ला प्रत्यक्षच घडलं. आकाशातली वीज कोसळली, पाठोपाठ एक गॅसवरचं वीजघर आणि समुद्रातला एक मोठा पवन प्रकल्प जाळ्यातून सुटला. त्यात ठिकठिकाणचे छोटे वीजनिर्मिती संचही बाहेर पडले, कारण फ्रिक्वेन्सी भराभर बदलताना दिसली तर सुटायचं, असं त्यांना सांगून ठेवलेलं होतं. फ्रिक्वेन्सी ४८.८ ला आली आणि सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज तोडून जाळं वाचवावं लागलं. मदतीची गरज होती नेमक्या त्याच सेकंदाला छोटे संच निघून गेले. दोष यंत्रांचा नव्हता, दिलेल्या सूचनेचा होता.

हे सगळं देशपातळीवरचं झालं. कोकणातल्या वाडीत बसून फ्रिक्वेन्सीची काळजी करायची वेळ रोज येत नाही. आपल्याला आधी भेडसावणार आहे ते व्होल्टेज. फ्रिक्वेन्सी देशाची असते, व्होल्टेज वाडीचं असतं. डीपीजवळच्या घराचं वेगळं आणि शेवटच्या खांबावरच्या घराचं वेगळं.

कोकणातली वस्ती विखुरलेली. एक घर वर सड्याजवळ, दुसरं खाली वहाळापलीकडे, मधे आंब्या-काजूच्या बागा. त्यामुळे लाइन लांब आणि त्यावर घरं थोडी. आजवर वीज एकाच दिशेने वाहायची: उपकेंद्राकडून डीपीला, डीपीकडून घराला. तारेच्या रोधामुळे वाटेत व्होल्टेज पडायचं, म्हणून संध्याकाळी शेवटच्या घरात ट्यूब लागायची नाही आणि पंप गुरगुरत बसायचा. यावर उपाय म्हणून डीपीचा टॅप वर ठेवतात, म्हणजे सुरुवातीलाच थोडं जास्त व्होल्टेज सोडायचं. गावातल्या डीपीचा टॅप वीज बंद करून हातानेच बदलावा लागतो. तो सकाळ-संध्याकाळ कोणी बदलत नाही.

आता शेवटच्या घरावर सोलर बसलं. दुपारी वीज उलट दिशेने, घराकडून डीपीकडे वाहू लागली, आणि तोच रोध आता घराचं व्होल्टेज चढवू लागला. हिशेब साधा आहे. तीन किलोवॉट म्हणजे सुमारे १३ अँपिअर. तारेचा रोध किलोमीटरला एक ओहम धरू, डीपीपासून घर अर्ध्या किलोमीटरवर धरू. फेजने जाणारी आणि न्यूट्रलने येणारी मिळून तार झाली एक किलोमीटर, रोध एक ओहम. तेरा अँपिअर गुणिले एक ओहम, तेरा व्होल्ट. डीपीवर २४० असेल तर त्या घरात २५३. आणि २३० चे ११० टक्के म्हणजे बरोबर २५३. इन्व्हर्टर रेघेवर येऊन ठेपला. शेजारच्या घरानेही त्याच फेजवर तेवढंच सोलर बसवलं की रेघ ओलांडली. दोघांचे इन्व्हर्टर सुटतात, व्होल्टेज खाली येतं, थोड्या वेळाने ते परत जोडले जातात, व्होल्टेज परत चढतं. ऐन बारा-एक वाजता, उन्हाच्या भरात, युनिट वाया. बिल पाहून लोक पॅनेलला दोष देतात.

कोकणात याला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे चाकरमानी. वर्षातले बरेच महिने घर कुलूपबंद असतं. सोलर बसवलेलं असेल तर दुपारची सगळीच्या सगळी वीज तारेत जाते, कारण घरात फ्रिजसुद्धा चालू नसतो. मग गणपती येतात. आठवड्याभरात वाडीतलं प्रत्येक घर उघडतं, मखराच्या माळा, पंप, मिक्सर, पाहुण्यांसाठी एखादा एसी. दिवस पावसाचे, सोलर मंद, आणि सगळा जोर संध्याकाळी. म्हणजे त्याच तारेवर मार्चच्या दुपारी व्होल्टेज जास्त आणि गणपतीच्या आरतीला कमी. एका जागी बसवलेला टॅप या दोन्हींना पुरा पडणार कसा?

जमिनीचाही प्रश्न आहे. आपल्या जांभ्याचा सडा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा होतो आणि अर्थिंग कमजोर पडतं. एकफेजी सोलर सगळं एकाच फेजवर आलं की न्यूट्रलमधून जास्त प्रवाह वाहतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने एखादा न्यूट्रलचा जोड गंजून सैल झालेला असेल, त्यात अर्थिंगही नावापुरतं असेल, तर एका घराचं व्होल्टेज घसरतं आणि दुसऱ्याचं भलतंच चढतं. टीव्ही-फ्रिज जळतात ते बऱ्याचदा असे. सोलर बसवताना अर्थिंगचा खड्डा नीट झालाय का, हे पॅनेलच्या कंपनीपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

वारंवार सुटणारा इन्व्हर्टर "ठीक" करायचा एक सोपा मार्ग काही जण सुचवतात: सेटिंगमध्ये जाऊन वरची मर्यादा वाढवून टाकायची. तसं मुळीच करू देऊ नका. इन्व्हर्टर सुटणार नाही, पण चढलेलं व्होल्टेज तुमच्या आणि शेजाऱ्याच्या घरातल्या प्रत्येक उपकरणावर जाईल. आणि व्होल्टेजचं हे चढणं फक्त वाडीपुरतं राहत नाही. २८ एप्रिल २०२५ ला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, त्याच्या तपासात व्होल्टेज वाढत जाण्याची आणि त्यामुळे एकामागून एक प्रकल्प सुटण्याची साखळी समोर आली. एक सुटला की व्होल्टेज आणखी चढायचं आणि पुढचा सुटायचा. पातळी वेगळी, व्होल्टेजही लाखांतलं, पण धडा आपल्या कामाचा आहे.

उपाय आहेत, आणि ते कोकणात करता येण्याजोगे आहेत. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सोलर तीन फेजवर वाटून बसवणं आणि दुपारची वीज दुपारीच वापरणं. बागेचा पंप, वॉशिंग मशीन, गिझर हे सगळं अकरा ते तीनमध्ये चालवलं तर तेवढी वीज तारेवर चढतच नाही. बंदरावरचे बर्फाचे कारखाने, काजूची प्रक्रिया केंद्रं यांना दुपारची वीज स्वस्त मिळाली तर त्याच फीडरवरची दुपारची वीज तिथेच खपेल. दुसरा उपाय इन्व्हर्टरच्या आतच असतो. व्होल्टेज चढू लागलं की एकदम बंद न होता वीज थोडी थोडी कमी करायची सोय नव्या इन्व्हर्टरमध्ये असते. ती चालू ठेवलेली असावी लागते, एवढंच. जुनाट बारीक तारांच्या जागी जाड केबल टाकणं हा महावितरणच्या खर्चाचा भाग, पण लांब लाइनवर त्याला पर्याय नाही.

देशपातळीवर सोलरची खरी जोडीदार आहे कोयना. तिच्या पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. दुपारी सोलर भरपूर असेल तर ते पाणी राखून ठेवता येतं आणि सूर्य मावळल्यावर, सगळं राज्य एकदम दिवे लावतं तेव्हा, वापरता येतं. उत्तर कोकणाच्या माथ्यावर घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे: वीज जास्त असताना खालचं पाणी वर चढवायचं, कमी पडली की खाली सोडायचं. चढवताना आणि उतरवताना तिथली यंत्रं फिरत असतात, म्हणजे जडत्वही मिळतं. सह्याद्रीच्या या उभ्या कड्यांची किंमत येत्या काळात फार वाढणार आहे.

आता ताल धरणाऱ्या इन्व्हर्टरकडे येऊ, कारण ते बनतात. बॅटरी जोडलेली असेल तर इन्व्हर्टर दुसऱ्याच्या लाटेची वाट न पाहता स्वतःची लाट उभी करू शकतो आणि बाकीच्यांना ताल देऊ शकतो. दक्षिण ऑस्ट्रेलिया २८ सप्टेंबर २०१६ ला वादळात पूर्ण अंधारात गेलं होतं. पुढच्याच वर्षी तिथे १०० मेगावॉटची बॅटरी उभी राहिली. फ्रिक्वेन्सी ढळली की तिचा प्रतिसाद सेकंदाच्याही आत येतो. त्याच बॅटरीला पुढे जडत्वासारखं वागायलाही शिकवण्यात आलं.

एवढी मोठी बॅटरी आपल्याला वाडीत नको आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, खांब आडवे झाले आणि श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागातली कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. वादळानंतर ऊन पडलं तरी साध्या ऑन-ग्रिड सोलरचा तेव्हा काहीच उपयोग नसतो, कारण ताल द्यायला कोणी नाही. गावागावातल्या आरोग्य उपकेंद्रावर, नळपाणी योजनेच्या पंपावर आणि ग्रामपंचायतीत जर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर असेल, आणि मुख्य लाइनपासून तो भाग वेगळा करणारा चेंजओव्हर स्विच असेल, तर लसी थंड राहतील, पाणी चढेल आणि फोन चार्ज होतील. लाइनमनही सुरक्षित राहील, कारण वीज त्या स्विचच्या अलीकडेच थांबते. अनुदानाचा पैसा आधी इथे गेला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. किनाऱ्यावर पुढचं वादळ येणारच आहे.

ज्यांच्या घरी सोलर आहे त्यांनी एक काम या आठवड्यात करावं. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये तो कधी आणि का सुटला याची नोंद असते. "ओव्हर व्होल्टेज" असं वारंवार दिसत असेल तर दुपारी साडेबाराचं आणि संध्याकाळी साडेसातचं व्होल्टेज आठवडाभर तारखेसह लिहून ठेवा. शेजाऱ्याचीही तीच तक्रार असेल तर त्याचेही आकडे घ्या, आपण दोघं कोणत्या फेजवर आहोत ते वायरमनला विचारा आणि तो कागद लेखी अर्जाला जोडून वीज कार्यालयात द्या. डीपीचा टॅप किती खाली आणायचा, कोणाला दुसऱ्या फेजवर हलवायचं, हे ठरवायला अभियंत्याला नेमके तेच आकडे लागतात.